सात पॉइंट दोन

कंपनीत तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे कलमताई. कापडाला रंग देणाऱ्या त्या कंपनीत ती बावीस वर्षं वकील होती. करारातलं चुकीचं कलम तिला घासातल्या खड्यासारखं दाताखाली यायचं, म्हणून ते नाव. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

पूर्वी काम सरळ होतं: करार, नोटिसा, जागेचे कागद. मग ईएसजी आलं. कंपनी हवापाण्याशी कशी वागते, माणसांशी कशी वागते आणि स्वतःचा कारभार किती सचोटीनं करते, हे दर वर्षी अहवालात लिहून द्यायचं आणि त्याखाली वकिलानं सही करायची. नियम दर दोन-तीन महिन्यांनी बदलत. तिच्या खात्यात आधी तिघं होती. एकाला दुसरीकडे बरी नोकरी मिळाली, एक बाळंतपणानंतर परत आली नाही. नियम वाढत गेले आणि ती एकटी उरली.

चोपन्नाव्या वर्षी ती पुन्हा अभ्यासाला बसली. रोज सकाळी सात ते आठ, जेवणाच्या टेबलाशी. चार खुर्च्यांपैकी एक बसायला, बाकी तिन्हींवर कागदांचे गठ्ठे. घरी कोणी येत नसे, त्यामुळे ते हलवायची वेळ आली नाही. शनिवारी ऑनलाइन वर्ग. पडद्यावर सगळी पंचविशीतली तोंडं. ती कॅमेरा बंद ठेवायची, कारण तिच्या मागे फक्त भिंत आणि कपडे वाळत घालायचा स्टँड. एकदा शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "त्या काळ्या चौकोनात कोणी आहे का?" तिनं टाइप केलं, "आहे."

शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून ती दर महिन्याला एक पानाचं टिपण चौदा अधिकाऱ्यांना पाठवायची. एकदा तिसऱ्या परिच्छेदात मध्येच लिहिलं, 'इथपर्यंत वाचणाऱ्यानं मला फोन करावा, चहा माझ्याकडून.' फोन आला नाही. रविवारी भावाशी बोलताना तिनं हे हसत हसत सांगितलं.

"अगं, नियम कोण वाचतं?" भाऊ म्हणाला. "थांब, वहिनीला देतो." वहिनीनं तब्येत विचारली, तेवढ्यात तिकडे कुकरची शिट्टी झाली.

त्या वर्षीच्या अहवालासोबत कारखान्यातल्या सांडपाण्याचं रजिस्टर आलं. रंगाचं पाणी शुद्ध करून ओढ्यात सोडण्याआधी रोज सकाळी दहा वाजता त्याचा पीएच मोजायचा असतो. आकडा सातच्या आसपास असला की पाणी ठीक. रजिस्टरात अकरा महिने रोज एकच आकडा होता: सात पॉइंट दोन. मधे बॉयलरच्या दुरुस्तीसाठी कारखाना चार दिवस बंद होता. ती नोटीस तिनंच काढली होती, तारखा तिला तोंडपाठ होत्या. त्या चार दिवसांत पाणी वाहिलंच नव्हतं, तरी पीएच सात पॉइंट दोन.

तिनं कारखान्याच्या मॅनेजरला फोन लावला.

"ताई, दर वर्षी असंच येतं. करा सही," तो म्हणाला.

"दर वर्षी मी नीट पाहिलं नाही. आता पाहतेय."

"मग येऊनच बघा की!" तो हसला. ती येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

बावीस वर्षांत ती पहिल्यांदाच कारखान्यात गेली. बसनं दोन तास. सांडपाण्याच्या टाक्या पार मागच्या कुंपणाला, आणि शेजारी पत्र्याची खोली. तिथे एक साठीला आलेला माणूस एकटाच डबा खात बसला होता. सगळे त्याला पाणीमास्तर म्हणतात, हे तिला फाटकावरच समजलं होतं. तिला पाहून तो डबा झाकून उभा राहिला.

"जेवा, मास्तर. मी थांबते."

"कोण आपण?"

"हेड ऑफिसातली वकील."

त्याचा चेहरा उतरला. तिनं वेळ न घालवता रजिस्टरबद्दल विचारलं. त्यानं कोपऱ्यातल्या मीटरकडे बोट केलं.

"मीटर बंद आहे, मॅडम. अकरा महिने झाले. रकाना रिकामा ठेवला की वरून फोन येतो. मग शेवटचा आकडा होता तोच लिहितो." मग उगाच हसून म्हणाला, "तळं राखी तो पाणी चाखी म्हणतात. हे तळं चाखून सांगायची सोय नाही ना."

तिला हसू आलं. तोही जरा सैलावला. स्टुलावरची धूळ त्यानं हातानं पुसली, पण बसा म्हणायला बिचकला. तीच बसली.

"मग नवीन मीटर का मागितलं नाही?"

"तीनदा मागितलं." त्यानं कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. तीन अर्जांच्या प्रती, नीट घडी घातलेल्या. पहिले दोन अर्ज मॅनेजरला. तिसऱ्याच्या तळाशी लिहिलं होतं, 'प्रत: विधी विभाग, ईमेलने.'

विधी विभाग म्हणजे ती. तिनं फोनमध्ये तारीख शोधली. मेल होता. सात महिन्यांपूर्वीचा, ठळक अक्षरांत, न उघडलेला. त्याच दिवशी तिनं एका व्याख्यानाच्या नोट्स काढल्या होत्या. विषय होता, कामगारांचं म्हणणं कसं ऐकावं.

फोन तिनं त्याच्यापुढे धरला. "हे माझ्याकडे आलं होतं. मी उघडलंच नाही."

मास्तरांनी चष्मा लावून पाहिलं. "असू दे," ते म्हणाले. "कामं असतात." त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. निघताना त्यांनी विचारलं, "माझी नोकरी जाईल का हो? सहाच महिने राहिलेत."

"तुम्ही तीनदा कळवलंय. त्या पिशवीतले कागद मला द्या, तेच तुम्हाला वाचवतील."

दोन दिवसांनी ती थोरल्या साहेबांपुढे बसली. अहवालात तिनं लिहिलं होतं की अकरा महिन्यांची नोंद भरवशाची नाही, कामगारानं तीनदा कळवलं होतं, आणि त्यातलं एक पत्र वकिलाकडे येऊनही वाचलं गेलं नाही.

"हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, ताई," साहेब म्हणाले. "बरं, मीटरचं समजलं. पण स्वतःला कशाला मधे ओढता?"

"मॅनेजरचं लिहायचं आणि माझं झाकायचं? उद्या कोणी विचारलं तर हा कागद एक मिनिट टिकणार नाही."

"बाहेरचा वकील अर्ध्या तासात सही करेल."

"करेल. पण रजिस्टर मी पाहिलंय, हे मला त्या वकिलाला लिहून कळवावं लागेल."

साहेबांनी अहवाल तिच्याकडे परत सरकवला. शेवटी म्हणाले, "पाठवा."

अहवाल गेला. नऊ दिवसांत नवीन मीटर आलं. बाहेरच्या प्रयोगशाळेनं महिनाभर पाणी तपासलं. बहुतेक दिवस ठीक निघालं, पण गडद रंगाचं काम असेल त्या दिवशी पाणी वाईट सुटत होतं. ओढ्याच्या खालच्या अंगाला एका बाईंची रोपवाटिका होती. त्यांची रोपं वर्षभर पिवळी पडत होती आणि तक्रार घेऊन आल्यावर कारखान्याच्या फाटकावरून त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. कंपनीनं त्यांचं नुकसान भरून दिलं. तो करार कलमताईनंच लिहिला आणि त्यात कंपनीच्या बाजूनं एकही पळवाट ठेवली नाही. मॅनेजरची बदली झाली. मास्तरांना कोणी हात लावला नाही. अहवाल वाचून मोठ्या खरेदीदारानं मात्र तीन महिने माल घेणं थांबवलं, आणि त्याचं खापर ऑफिसनं तिच्यावर फोडलं.

कॅन्टीनमध्ये ती ताट घेऊन आली की टेबलावरचं बोलणं थांबायचं. "आम्हाला मीटिंग आहे हं, ताई," म्हणत दोघी उठायच्या. रविवारी भाऊ म्हणाला, "मग जिंकलीस की!" "हो," ती म्हणाली आणि वहिनीची तब्येत विचारली.

दर महिन्याचं टिपण तिनं बंद केलं. सकाळचं वाचन चालू ठेवलं, पण महिन्याचा पहिला मंगळवार कारखान्यासाठी राखला. मास्तर तिला काही शिकवत, काही दाखवत. फेस कसा असला की समजायचं, वास कधी बदलतो. घरचं दोघंही बोलत नसत. नोकरीचे उरलेले सहा महिने संपले तसे ते निवृत्त झाले, आणि समारंभाचं तिला दुसऱ्या दिवशी समजलं.

पुढच्या मंगळवारी ती गेली तेव्हा खोलीत तिशीची एक नवी बाई होती. ती बाई दार अडवून उभी राहिली.

"तपासणी आहे का?"

"नाही. मी वकील. काही अडचण आहे का, एवढंच विचारायला येते."

"सगळं ठीक आहे," म्हणून बाईनं दार लोटून घेतलं.

ती बाहेरच्या बाकावर बसली. पंपाचा आवाज येत होता. परतीच्या बसला अजून वेळ होता आणि घरी जायची घाई नव्हती. अर्धा तास गेला असेल. दार किलकिलं झालं.

"मॅडम, हातमोजे संपलेत. दोनदा कळवलं मी."

"कोणाला कळवलं?" तिनं विचारलं आणि बाकावर सरकून जागा केली. बाई क्षणभर घुटमळली, मग येऊन बसली.