कॉलरची खळ

देवमनला नाही म्हणता येत नसे. अनसिंगच्या पंचायतीत शिपायाची नोकरी, दिवसभर 'हाव जी, हाव जी'. त्या नादात मान अशी सैल झाली होती की समोरच्याने नुसतं तोंड उघडलं तरी ती आधीच खाली जायची. याच मानेपायी त्याने घरातली खाट शेजाऱ्याला देऊन टाकली होती, आणि थोरली पोरगी एका दारुड्याच्या घरात. खाटेचं विमलबाईला काही वाटलं नव्हतं. पोरीचं दुःख मात्र तिच्या काळजातून हलत नव्हतं.

आता धाकटी पंचफुला मॅट्रिक पास झाली होती. अकोल्याला नर्सच्या ट्रेनिंगला तिचं नाव लागलं होतं. आणि नेमका शेलूबाजारहून मारोतरावांचा निरोप आला : रविवारी येतो, पोरगा पाहून ठेवला आहे, बोलणी पक्की करून टाकू. मारोतराव म्हणजे देवमनचे थोरले भाऊ. थोरलीचं स्थळही त्यांनीच आणलं होतं.

"या टायमाले तरी तुमी नाई म्हनसान ना?" विमलबाईने नवऱ्याला विचारलं.

"हाव," देवमन म्हणाला, आणि मान खाली घातली.

विमलबाईला स्वतःला बोलायची सोय नव्हती. भासऱ्यापुढे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, बाईने तोंड उघडायचं नाही, पदर ओढून चुलीपाशी बसायचं, अशी घरातली रीत. पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. हा माणूस वर्षातून एक दिवस ताठ चालतो. चौदा एप्रिलला, जयंतीच्या मिरवणुकीत, खळ घातलेला पांढरा शर्ट अंगात असला की तो सरपंचापुढेही वाकत नाही. शर्ट पेटीत गेला की मान पुन्हा सैल. तिने शनिवारी पेटी उघडली.

एरवी चमचाभर साबुदाणा पुरायचा. या खेपेला तिने वाटीभर शिजवला, फडक्यातून गाळला, त्या खळीत शर्ट बुडवला. कॉलरचा भरवसा नको म्हणून ती वाळल्यावर पुन्हा एकदा बुडवली. मग तांब्यात निखारे भरून इस्त्री फिरवली, तर तांब्या पत्र्यावर घासावा तसा वाजू लागला. भिंतीला टेकवला तर शर्ट आपला आपण उभा.

शेजारची लतीफा, जब्बार टेलरची बायको, विस्तव न्यायला आली ती बघतच राहिली.

"वैनी, याच्यात भाईले कायले घालता? नुसता शर्टच बसवा ना बैठकीत!"

"बसवला असता बाई," विमलबाई म्हणाली, "पन भासरे ओळखतीन ना."

रविवारी देवमनने शर्ट घातला, की शर्टाने देवमनला आत घेतलं, हे सांगणं कठीण. कॉलर हनुवटीखाली अशी अडकली की जमीन दिसेना. चपला पंचफुलाने पायात सरकवून दिल्या.

मारोतराव आले, भिंतीला टेकून बसले आणि पोराचे गुण गाऊ लागले. शेती आहे, बैलजोडी आहे, सुपारीचंही व्यसन नाही. थोरलीच्या वेळी त्यांनी हेच गुण याच क्रमाने सांगितले होते.

"मंग, पक्कं करू ना?"

सवयीप्रमाणे देवमनची मान खाली निघाली, कॉलरवर आपटली आणि परत आली. एक कड रुतली म्हणून त्याने मान डावीकडे वळवली. तिकडे दुसरी टोचली म्हणून उजवीकडे.

मारोतराव थबकले. "नाई म्हनून राह्यला काय तू?"

तसं नाही हो दादा, असं देवमनला सांगायचं होतं. त्यासाठी मान पुन्हा डावीकडून उजवीकडे गेली.

"मले? मोठ्या भावाले?"

चुलीपाशी विमलबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"काहून पन?" मारोतरावांनी विचारलं. आजवर असं विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. एरवी असल्या बैठकीत देवमन आपल्या पायांकडे बघत बसे. आज कॉलरमुळे ती सोय नव्हती. नजर समोरच होती, आणि समोर दारात पाण्याचा गडवा घेऊन पंचफुला उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. थोरलीचाही असाच पडला असेल, त्याच्या मनात आलं. तेव्हा त्याने पाहिलंच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि दरदरून घाम फुटला.

घामाने खळ सुटली. बघता बघता कॉलर ओल्या भाकरीसारखी मऊ झाली आणि मानेला चिकटून बसली. मान आता कुठेही जायला मोकळी होती. विमलबाईने आतून ते पाहिलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"गर्मीनं डोकं फिरलं तुयं," मारोतराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "आता नीट सांग. हाव ना?"

"नाई, दादा," देवमन म्हणाला. आवाज कापत होता, पण नजर दारावरून हलली नाही. "पंचफुला अकोल्याले जाईन."

मारोतराव संतापाने लाल झाले. त्या संतापात ते चार भाकरी जेवले आणि कोणाशी न बोलता शेलूबाजारच्या गाडीला गेले.

ते गेल्यावर देवमन चुलीपाशी आला. शर्ट अंगाला जागोजाग चिकटला होता, गळ्याभोवती लाल वळ उठला होता.

"खळ जरा जास्तच झालती काय वं?" त्याने विचारलं.

"हाव," विमलबाई म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.