पाहुण्यांनी बसायचं

चार खाटा, नव्या सुतळीने विणलेल्या.

खुंट्याला बांधलेली शेळी. सकाळपासून ओरडते आहे.

नीळ जास्त झालेलं धोतर.

उलटं करून भिंतीला टेकवलेलं सूप.

शहरात धरमपेठेतली गॅलरी, गॅलरीत एक खुर्ची.

खुर्ची बापूजींची. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते तिथे बसत. दुधाला निघाले की मुलगी शोभाताई म्हणे, आराम करा. कुंडीतलं गवत उपटायला वाकले की म्हणे, कंबर धरेल. मग त्यांनी बोलणंच कमी केलं. जेवणही.

शोभाताई घाबरली. तिनेच आपल्या महिला मंडळात योजना मांडली: शहरातल्या चार वृद्धांनी कळमेश्वरकडच्या एका गावात राहायचं, तिथली म्हातारी माणसं दिवसभर कशी कामात असतात ते शिकायचं. मग तिकडच्यांनी इकडे यायचं. साल १९७४, तुरी निघाल्या होत्या.

वरच्या यादीतलं बाकी सगळं त्या गावातलं. पाहुणे ज्याच्याकडे उतरले त्या गणपतरावाच्या अंगणातलं.

अंगणात गावची म्हातारी माणसं धुतलेल्या कपड्यांत ओळीने बसली होती. हात मांडीवर. पाहुण्यांसाठी खाटा.

बापूजींनी गणपतरावाच्या आईला, तुळसाबाईंना, विचारलं, "तुम्ही रोज काय करता?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. "काही नाही जी. बसून राहते."

"दिवसभर?"

"दिवसभर."

गणपतराव चहा सांगायला आत गेला तशा त्या खाली वाकून म्हणाल्या, "शेळ्या चारायले नेते, तुरी पाखडते. आज पोरगं म्हणते हात लावू नको. शहरातले म्हणतील, म्हातारीले राबवून राहिला."

बापूजी उठले. सूप सरळ केलं. "चला, मले शिकवा."

"बसा जी बापूजी." गणपतरावाने मागून येऊन सूप काढून घेतलं. "तुम्ही पाहुणे. गाव काय म्हणन?"

"अरे, मी त्याच्याचसाठी आलो गा."

"चहा घ्या."

दोन दिवस चहा.

परतताना, चौघांसोबत आलेली शोभाताई बसमध्ये धुमसत होती. काय माणसं आहेत. एवढं सांगून, पत्र घालून. सगळं काम लपवून ठेवलं.

(पुढच्या महिन्यात तुळसाबाई धरमपेठेत आल्या. पहिल्याच सकाळी त्यांनी झाडू उचलला. शोभाताईने तो हातातून घेतला.

"अहो, असं काय करता? पाहुण्या तुम्ही."

"मंग काय करू वं?"

"बसा नं."

गॅलरीत दुसरी खुर्ची आली. बापूजींनी शोभाताईकडे पाहिलं. तिला कळलंच नाही.)

मंडळाच्या बैठकीत अध्यक्षा सत्यवतीबाई म्हणाल्या, "खेड्यात म्हाताऱ्यांना किती सुखात ठेवतात. बोट हलवू देत नाहीत. आपल्यालाही जमायला हवं." टाळ्या वाजल्या. शोभाताई काहीतरी सांगायला उठली, तर सत्यवतीबाईंना वाटलं तिला आभार मानायचे आहेत, म्हणून त्यांनी माईक दिला. तिने आभार मानले.

बापूजी आता दुपारचंही जेवत नाहीत.

गावाला निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी इतवारीतून एक नवं खुरपं आणलं होतं. ते अजून पिशवीत, टॉवेलखालीच आहे.