आपोआप

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी शालू मॅडमनी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला फळ्यावर पाच इंग्रजी क्रियापदं लिहून दिली: इलॅप्स, एक्स्पायर, लॅप्स, सीज, टर्मिनेट. पाचांचा धंदा एकच, संपणं. कुठं वेळ सरतो, कुठं मुदत, कुठं हक्क. पंखा गरम हवाच फिरवत होता, आणि मॅडमच्या पर्समध्ये सकाळी शिपाई पुंजारामनं आणून दिलेला एक कागद होता.

"मॅडम, माझा रिचार्ज काल एक्स्पायर झाला," तनुजा म्हणाली. वर्ग हसला.

"बरोबर. कुणी केला?"

"कुणी कशाला करील? दिवस भरले, झाला आपोआप."

"आणि टर्मिनेट?"

तनुजानं पेनाचं टोपण चावलं. "त्याला माणूस लागतो, मॅडम. कुणीतरी करावं लागतं."

"लिहून घ्या सगळ्यांनी," शालू म्हणाली.

शालू या कॉलेजात तासिका तत्त्वावर होती. म्हणजे तास घेतला तर मास्तरीण, नाही घेतला तर वाटेवरची बाई. एप्रिल सरला की नेमणूक सरायची, जूनमध्ये टाइमटेबलात नाव दिसलं की पुन्हा लागली असं समजायचं. ऑर्डर अशी हातात कधी पडलीच नाही. नऊ वर्षं ती दर जूनला नव्यानं लागत होती. तिनं शिकवलेली पोरं नोकरीला लागली, लग्नं करून बसली, आणि ही अजून नवीच.

आता जुलैत इंग्रजीची कायमची जागा भरणार होते. त्यासाठी अनुभवाचा दाखला लागत होता. तिनं तो चारदा मागितला, चारदा "बघू" ऐकलं. आणि आज हा कागद! इंग्रजीत, गुळगुळीत भाषेत. माझी नेमणूक लॅप्स झाली आहे, म्हणजे आपोआप संपली आहे, यापूर्वी या संस्थेत मी सलग सेवा केलेली नाही, खाली सही. सही केली तर जूनमध्ये तास मिळणार. नाही केली तर रस्ता मोकळा. नऊ वर्षांवर पाणी सोडायला लावायचं, आणि तेही तिच्याच हातानं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

मधल्या सुट्टीत तिनं आईला फोन लावला. बानाबाई दौलताबादच्या पायथ्याला मेंढरं घेऊन होती. लेकीचं सगळं ऐकून तिनं विचारलं, "पर काढतंय कोन तुला?"

"कुणी नाही, माय. आपोआप संपलं म्हणत्यात."

"आपोआप?" बानाबाईचा आवाज चढला. "कळपातलं मेंढरू आपोआप जात नसतंय, शाले. लांडगा नेतो, नायतर मालक इकतो. आपल्यात इकायचं म्हणलं तर मालकानं सोता कान धरून द्यावं लागतं, त्याचं नाव घेऊन, चार मानसांत. तुझ्या बापानं कवा मागच्या दारानं दिलं का? त्यान्ला म्हनावं, धरा कान."

शालूनं फोन ठेवला. एका कोऱ्या कागदावर तिनं मराठीत दोन ओळी लिहिल्या आणि ती थेट ऑफिसात गेली.

प्राचार्य बद्रीनाथ सर वाईट माणूस नव्हते. वाईट असायलाही थोडं धाडस लागतं. त्यांनी आयुष्यात कुणाला स्वतःच्या तोंडानं नाही म्हटलं नव्हतं. "वरून आलंय" हे त्यांचं ब्रीद. ऑफिसात दोन प्राध्यापक चहा पीत बसले होते, दारात पुंजाराम.

"झाली का सही, मॅडम?"

"नाही सर. मी खोटं लिहून देणार नाही. हा दुसरा कागद आणलाय."

सरांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "शालू मल्हारराव या जून २०१६ पासून आजपर्यंत या महाविद्यालयात सलग इंग्रजी शिकवत आहेत. त्यांना आज..." ते थांबले. "इथं जागा रिकामी कशी?"

"तिथं नाव लिहायचंय. 'यांनी कामावरून काढले.' ज्यांनी काढलं, त्यांचं."

"अहो, तुम्हाला काढतंय कोण? मुदत संपली. आपोआप आहे ते."

"दूध नासतं आपोआप, सर. मी दूध नाही. मला जायला सांगणारा माणूस मला दिसला पाहिजे."

"वरून आलंय, मॅडम!"

"वर कोण? नाव सांगा, तेच लिहू."

एका प्राध्यापकाला चहाचा ठसका लागला. पुंजाराम दारातून हलेना. शालू खुर्चीवर बसली नाही. जून डोळ्यांसमोर होता, पुंडलिकनगरातली भाड्याची खोली होती, तरी मागं फिरावंसं तिला क्षणभरही वाटलं नाही.

"राहू द्या सर," ती शांतपणे म्हणाली. "नऊ वर्षांत इथं कुणी सही करायची हिंमत केली नाही. तुमच्याकडून तरी कशी व्हावी?"

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन प्राध्यापक आणि एक शिपाई बघतोय, आणि तासिकेवरची बाई हिंमत काढते! त्यांनी पेन ओढलं, रिकाम्या जागेत आपलं पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, तारीख टाकली, झोकदार सही ठोकली आणि वर कॉलेजचा गोल शिक्का दणकन मारला.

"घ्या! मी काढलं तुम्हाला! मी, बद्रीनाथ! झालं समाधान?"

शालूनं कागद सावकाश वाचला. जून २०१६ पासून. आजपर्यंत. सलग. खाली सही, शिक्का, तारीख.

"झालं, सर," ती म्हणाली. "चारदा मागितला होता हा दाखला."

सरांचा हात कागदाकडे गेला, पण तोवर तो पर्समध्ये गेला होता. पुंजारामनं बाजूला सरून वाट दिली आणि, काय मनात आलं कोण जाणे, नमस्कार केला.

गेटाबाहेर आल्यावर तिला रडू फुटलं. नोकरी तर गेलीच होती. ओढणीनं तोंड पुसून तिनं फोन लावला.

"माय, दिलं त्यांनी कान धरून."

"चार मानसांत?"

"चार मानसांत."

"आन् नाव घेतलं का तुझं?"

"घेतलं माय. नऊ वर्षांसकट."