पाऊण लाखाचं स्टेअरिंग

गजेंद्रचा जगात दोघांवरच विश्वास होता, असं त्याची बायको प्रमिलाबाई म्हणायची: एक तो स्वतः आणि दुसरा गावाकडचा माणूस. बाकी सगळे चोर. डिझेल भरताना तो पंपाच्या आकड्याला डोळे लावून उभा राही. भाजीवालीने मेथीची जुडी दिली, तर आत गवत भरलंय का ते तिच्यासमोरच सोडून बघे आणि तिच्या चार शिव्या खुशाल खाई. सुरतेत येऊन अर्धं आयुष्य गेलं, नवागामात दोन खोल्या झाल्या, बमरोलीच्या लूमवरून मिलमध्ये कापड वाहणारा स्वतःचा ट्रक झाला. एवढं सगळं ज्या शहराने दिलं, ते शहर आपल्याला लुबाडायला टपून बसलंय ही त्याची खात्री मात्र काही केल्या ढळली नाही.

आता त्या ट्रकचं स्टेअरिंग सैल झालं होतं. हातातलं चाक वीतभर फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म, आणि मग एकदम गाडी वळायची. एरवी गजेंद्रने महिनाभर तसंच रेटलं असतं; पण आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, तोंडावर आली होती. आखाजीला खानदेशातल्या बाईला माहेर हवंच, मग ती सुरतेत असो की सातासमुद्रापलीकडे. गल्लीतल्या बायका दरवर्षी गजेंद्रच्याच ट्रकमध्ये गोधड्या अंथरून बसत आणि गाणी म्हणत कोंडाईबारीचा घाट ओलांडून माहेरी जात. यंदा तर त्याची लेक हर्षदासुद्धा तान्ह्या मुलाला घेऊन आजोळी निघाली होती. घाटात एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी. तिथे सैल स्टेअरिंग चालणार नव्हतं, एवढं त्यालाही कळत होतं.

म्हणून मनावर दगड ठेवून त्याने ट्रक कंपनीच्या डीलरकडे नेला. तिथली काच, एसी आणि न मागता पुढे आलेलं थंडगार पाणी बघूनच त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. न मागता पाणी पाजणारा मागून काय काय काढून घेईल? गाडी तपासून चंचलबेन नावाची तिथली बाई बाहेर आली आणि तिने मोबाइलवर आकडा दाखवला. पाऊण लाख!

"काका, स्टेअरिंग बॉक्स खलास छे. आखो बदलवो पडशे."

"पूरा? रिपेअर नहीं होता?"

"होता तो मैं ही बोलती ने. आप नीचे आओ, मैं बताती हूँ. ऊपर चक्कर घूमता है, नीचे का हाथा हिलता ही नहीं."

गजेंद्र गाडीखाली गेला नाही. एवढ्या अगत्याने दाखवायला कोण बोलावतं? ज्याला काहीतरी खपवायचं असतं तो. खाली तिचाच माणूस बसणार, तोच हिकमतीने काहीतरी हलवून दाखवणार, आणि आपण माना डोलावायच्या! "सोच के बताता हूँ," म्हणत त्याने किल्ली उचलली. चंचलबेन मागून काळजीने म्हणाली, "काका, लोड भरके मत चलाना." ही तर घाबरवून गिऱ्हाईक धरायची जुनी रीत, असं मनाशी म्हणत तो थेट डिंडोलीच्या नाक्यावर भाईदासच्या गॅरेजात गेला.

भाईदास त्याच्याच गावचा. गावात दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. गजेंद्रने उतरायच्या आधीच सुरुवात केली. "डीलर लुटाले बठेल शे, भाईदास! बॉक्स गया म्हने. पाऊण लाख म्हने. आरे, बॉक्स कधी जास का? तूच सांग, चांगला शे ना?"

भाईदासने चाक फिरवून पाहिलं, खाली वाकून टॉर्च मारला. टॉर्च विझवून एकदा गजेंद्रच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "जरासा ढिला शे. आवळी देस."

त्याने बॉक्सच्या वरचा स्क्रू आवळला, ग्रीस भरलं, आणि सैलपणा खरोखर गेला. पाच हजारांत काम! गजेंद्रला असा आनंद झाला की विचारू नका. पैसे वाचले त्यापेक्षा आपला संशय खरा निघाला याचाच जास्त. पुढचे चार दिवस पानाच्या टपरीपासून लूमच्या मुकादमापर्यंत त्याने सगळ्यांना डीलरची चोरी तिखटमीठ लावून ऐकवली. गाडी वळवल्यावर चाक आपोआप सरळ होत नव्हतं, हाताने ओढून आणावं लागत होतं, हे त्याला जाणवलं होतं. पण नवीन आवळलंय, बसेल हळूहळू, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं. मेथीच्या जुडीत गवत शोधणारा हा माणूस! गावच्या माणसाचं काम उलगडून बघायचं त्याच्या मनातही आलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी ट्रक भरला. गोधड्या, पिशव्या, मुलं आणि कलकलाट. हर्षदा बाळाला घेऊन पुढे केबिनमध्ये बसली. भाईदास दरवर्षीप्रमाणे गाडीपुढे नारळ फोडायला आला होता. तेवढ्यात मागून शेजारची रुपाली ओरडली, "अनुसयाकाकू कोठे शे? जागा धराले सगळ्यास्ना पहिले येस ना ती!"

अनुसया म्हणजे भाईदासची बायको. पुढच्या फळीला टेकायची जागा मिळावी म्हणून ती दरवर्षी भांडायची, आणि तिच्या आवाजाशिवाय एकही गाणं सुरू होत नसे.

"ती काल्दिनच गयी," प्रमिलाबाई म्हणाली. "रेल्वेमा. भाईदासभाऊनीच बठाडी दिनी."

गजेंद्रचा हात किल्लीवर होता. तो तसाच राहिला. आजवर नात्यात मयत झाली, पाऊस कोसळला, पण अनुसया रेल्वेने गेली नव्हती. त्याने काचेतून समोर पाहिलं. भाईदास नारळ हातात धरून उभा होता आणि त्याची नजर पुढच्या चाकावर होती. गजेंद्रने किल्ली काढून खिशात टाकली. तो खाली उतरला, भाईदासला चार पावलं बाजूला नेलं.

"खरं सांग. बॉक्स उघाडीसन देखा व्हता का तू?"

"नही."

"मंग चांगला शे, हाई कसं सांगं?"

"मी कोठे सांगं?" भाईदास दबक्या आवाजात म्हणाला, पण रागावून. "तूच सांगत वना. बॉक्स गया म्हनतू, ते डीलरना संगे माले बी चोर ठरावता तू. गावमा जाईसन मना बापले सांगता. तू इचाराले नही वना व्हता भो, आयकाले वना व्हता."

"आनि अनुसयाले रेल्वेमा?"

भाईदासने नारळ उगाच या हातातून त्या हातात घेतला. गजेंद्रला त्याचं नरडं धरावंसं वाटलं, आणि त्याच वेळी, आपण विचारायला नव्हे तर ऐकायला आलो होतो हे त्याचं म्हणणं शब्दन्‌शब्द खरं आहे हेही कळत होतं. गाडीखाली ये म्हणणाऱ्या बाईला त्याने चोर ठरवलं, आणि बॉक्स उघडूनही न बघणाऱ्याच्या हाती सगळी गल्ली सोपवून मोकळा झाला.

तो परत ट्रकजवळ आला. मागे गाणं सुरू झालं होतं. "उतरा," तो म्हणाला. कोणी ऐकलं नाही. मग त्याने फळीवर थाप मारून ओरडून सांगितलं, "उतरा सगळ्या! गाडी जावाव नही. स्टेअरिंग खराब शे." गाणं तुटलं. चार दिवस ज्या तोंडाने तो डीलरच्या नावाने बोंबलत होता, त्याच तोंडाने हे बोलताना त्याचे कान तापले. बायका कुरकुरत, एकमेकींकडे बघत गाठोडी खाली टाकू लागल्या.

हर्षदाने केबिनमधून आधी बाळाला खाली दिलं. गजेंद्रने ते छातीशी एवढं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. भाईदास पुढे झाला. आजवर या बाळाला त्याने कितीदा खांद्यावर खेळवलं होतं. त्याने नारळ बाजूला ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले.

"आन इकडे. मी धरस."

गजेंद्रने बाळ दिलं नाही.