भावोजींचं फंक्शन

लॅबकडून पेशंटचा रिपोर्ट मागवायचा, तो येईपर्यंत थांबायचं, मग डॉक्टरांना पाठवायचा, अशी फंक्शनांची, म्हणजे कोडच्या छोट्या तुकड्यांची, साखळी मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिली होती. मध्ये काही फसलं, की ती चूक सरळ शेवटी पोचून पडद्यावर दिसायची.

आज काही रिपोर्ट पोचलेच नाहीत. भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, ऑफिसात आमचे साहेब. त्यांनी भर मीटिंगमध्ये खापर माझ्यावर फोडलं.

मी तणतणत कोड उघडला. साखळीच्या टोकाला भावोजींनी स्वतःचं फंक्शन घुसवलं होतं: काहीही फसो, उत्तर ‘सगळं ठीक’.

“ग्राहक उगाच घाबरतात,” ते मागे येऊन माझ्या कानाशी पुटपुटले.

संध्याकाळी घरी ताईने आम्हाला जेवायला वाढता वाढता मला विचारलं, “काय गं, चेहरा का उतरलाय? ऑफिसात काही झालं?”

मी तोंड उघडलं.

“सगळं ठीक,” भावोजी म्हणाले.