घोड्याच्या घरात घोडा

हिंजवडीहून येणारी कंपनीची बस परवीनला कोपऱ्यावर सोडायची, ती जिना चढून वर यायची, आणि चप्पल काढायच्या आत अब्बांचा प्रश्न यायचा, "नंबर आला का?"

हा प्रश्न दहावीच्या पोराला विचारावा. परवीन चाळिशी ओलांडलेली, सॉफ्टवेअरमध्ये मुरलेली बाई. पण चूक तिचीच होती. काम होण्याआधीच बोलून बसली होती.

अब्बा म्हणजे मैनुद्दीन. नाना पेठेत घराखालीच त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक असो नसो, काउंटरवर बुद्धिबळाचा कापडी पट पसरलेला असायचा. घरात सगळे दखनी बोलत. खेळ मात्र अब्बा शेजारच्या दत्तोबा तांबटांकडून शिकले होते, त्यामुळे पटापुरतं मराठी. परवीनही त्याच पटावर शिकली. पुढे दुकान बंद झालं आणि अब्बांचे हात कापायला लागले. प्यादं उचलायला जावं तर शेजारचे दोन मोहरे आडवे व्हायचे. समोरचे लोक फार समजून घ्यायचे, "असू द्या चाचा, मी लावतो" म्हणायचे, आणि नेमकं तेच अब्बांना खपत नसे. एके दिवशी त्यांनी पटाची घडी केली आणि ती कपाटावर टाकली ती टाकलीच.

तेव्हा परवीनच्या डोक्यात आलं, की अब्बांसारखं खेळणारं इंजिन करावं. इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, उगाच कोणी रेल्वेचं समजू नये. असली इंजिनं जगभरचे हौशी लोक करतात, आणि त्याहून हौशी लोक ती एकमेकांशी खेळवत बसतात. दिवस-दिवस डाव चालतात, हारजीत मोजली जाते आणि कोण किती ताकदीचं याची क्रमवार यादी लागते. एक पैसा कोणाला मिळत नाही. तरी त्या यादीत जागा मिळावी म्हणून शहाणीसुरती माणसं जीव टाकतात.

नेटवर दुसऱ्यांची तयार इंजिनं फुकट पडलेली असतात. परवीनने एकही उघडून पाहिलं नाही. अब्बांचा खेळ दुसऱ्याच्या वहीतून उतरवायचा, तर मग करायचंच कशाला? "घोडा कडेला नेला की आजारी पडतो", "वजीर लवकर बाहेर काढतो तो माणूस घाईचा", असली अब्बांची एकेक वाक्यं आठवून तिने त्यांचे प्रोग्रामला कळतील असे आकडे बांधले. नाव ठेवलं 'चष्मेवाला'. यादी लावणाऱ्यांकडे पाठवलं आणि त्याच आनंदात अब्बांना सांगून टाकलं, की तुमच्या खेळाला आता जगात नंबर मिळणार.

झालं. अब्बांनी दूधवाल्याला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, मशिदीत सांगितलं.

आणि यादीवाल्यांचं उत्तर आलं ते असं: नवखा माणूस, पहिलंच इंजिन, आणि खेळ एवढा पिकलेला. असली इंजिनं बहुतेक चोरलेली असतात, वरून फक्त नाव बदललेलं असतं. शिवाय हे मधेच गप्प होतं आणि डाव सोडून देतं. सबब यादीत घेता येत नाही. आमचा एक परीक्षक तपासेल, मग बघू.

'चोरलेलं' हा शब्द परवीनला चांगलाच लागला. दोन घास कमी गेले. अब्बांना ती म्हणाली, "चाचणी चालू आहे." ते खोटं नव्हतं, पण आता रोज संध्याकाळी तेच सांगायचं तिच्या जिवावर यायला लागलं.

मग एका दुपारी फोन आला. "गोपाळकृष्ण आगटे बोलतोय, कोथरूडहून. ते चष्मेवाला आपलंच ना?"

यादीचा परीक्षक, आणि निघाला कोथरूडचा! टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ.

"हो, माझंच," परवीन म्हणाली.

"खेळतं बरं. पण मधेच अबोला धरतं. मला एक सांगा, आपल्याला बुद्धिबळ शिकवलं कोणी?"

पुण्यात या प्रश्नाचा एकच अर्थ होतो. परवीनचा पारा चढला. "का? इतकं वाईट खेळतं का?"

"अहो, टोमणा नाही. टोमण्यासाठी मी फोनचा खर्च करत नाही. सरळ विचारतोय. क्लब, क्लास, पुस्तक?"

"वडिलांनी शिकवलं. दुकानात."

"वाटलंच. रविवारी या. लॅपटॉप आणा."

रविवारी ती कोथरूडला गेली. हॉलमध्ये सोफ्याच्या जागी दोन कॉम्प्युटर घरघरत होते आणि आगटे लुंगीवरच डाव बघत बसले होते. त्यांनी एक जुना डाव लावला. चष्मेवाला जिंकत आलेलं, त्याचं प्यादं पार शेवटच्या घरात पोचलेलं. तिथे कोणीही वजीर मागून घेतला असता. चष्मेवाल्याने घोडा घेतला. दुसऱ्या डावात उंट. आणि समोरच्या इंजिनाने असल्याच घरात वजीर केला, की चष्मेवाला आपल्यासमोर कोणी लबाडी केल्यासारखं थिजून जायचं.

"प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचं काय होतं?" आगट्यांनी विचारलं.

"ज्या घरात जाईल ते. घोड्याच्या घरात घोडा, हत्तीच्या घरात हत्ती."

"ते आपल्याकडे. जगात कुठल्याही घरात हवा तो मोहरा मागून घेतात. म्हणजे वजीरच."

नियम तिने वाचले नव्हते असं नाही. प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा होतो, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं आणि वाचून तिने मानही डोलावली होती: बरोबर, जसं घर तसा मोहरा. त्या 'किंवा'चा दुसरा काही अर्थ असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"म्हणजे अब्बांनी चुकीचं शिकवलं," ती हळूच म्हणाली. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्यामुळेच नंबर अडला होता. हे घरी सांगायचं कसं?

"चुकीचं नाही हो, जुनं. माझ्या आजोबांनी मलाही हेच शिकवलं होतं, म्हणून तर ओळखलं. बाकीचे परीक्षक नुसते हसत बसलेत." आगट्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि डोकं चालवा जरा. तुमच्यावर आळ कसला आहे? चोरीचा. आता मला दाखवा, जगातल्या कुठल्या इंजिनात ही चूक आहे? मी त्यांना कालच कळवलंय, की ही चूक कुठून उचलता येत नाही. ही बापाकडूनच यावी लागते."

परवीनला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. इतक्या दिवसांत कोणी तिची बाजू घेतली नव्हती. हा अनोळखी माणूस मात्र तिच्या इंजिनाचे डाव दिवसच्या दिवस बघत बसला होता. आगटे उठून आत गेले आणि भांड्यांचा भरपूर आवाज करत चहा टाकू लागले.

दुरुस्ती चहा होईपर्यंत संपली. मग चष्मेवाल्याची चाचणी पुन्हा पहिल्यापासून लागली. एका गुरुवारी वीज गेली, तर आगट्यांनी अर्धवट राहिलेले डाव रद्द करून नव्याने लावले. अर्धा डाव मोजणं त्यांच्या मते अन्याय. परवीनने फोनवर आभार मानायला सुरुवात केली, तेव्हा ते म्हणाले, "आभार कसले? मशीन नाहीतरी रिकामंच बसलं असतं, माझ्यासारखं." आणि फोन ठेवला.

शेवटी यादी लागली.

"नंबर आला का?"

"आला," परवीन म्हणाली. "तीनशे अकरावा." तिला वाटलं, अब्बांचं तोंड उतरणार.

"एकूण किती?"

"साडेचारशेच्या वर."

अब्बांनी हिशेब केला. "म्हणजे शंभरावर लोक माझ्या मागे." आणि ते गॅलरीत दूधवाल्याची वाट बघत उभे राहिले.

मग तिने प्याद्याचं सगळं सांगितलं. अब्बा गॅलरीतून आत आले. "म्हणजे माझ्यामुळे अडकलं होतं," ते म्हणाले.

"तुमच्यामुळे सुटलं," परवीन म्हणाली आणि तिने आगट्यांचं बापाबद्दलचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. अब्बांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "त्या माणसाला घरी बोलव."

आगटे आले. चहा घेतला आणि कपाटावरची घडी त्यांच्या नजरेला पडली. "पट नुसता शोभेला ठेवलाय का?" एवढं म्हणून त्यांनी तो खाली काढला, झटकला आणि अंथरला. पहिल्याच खेळीला अब्बांचा हात थरथरला आणि दोन मोहरे लवंडले. परवीन पुढे झाली. आगटे तिला म्हणाले, "तुम्ही बसा." आणि अब्बांना म्हणाले, "तुम्ही पाडलेत, तुम्ही उचला. आपल्याला घाई नाही."

परवीनला वाटलं, आता अब्बा पट गुंडाळणार. पण अब्बा हसले. किती वर्षांनी तरी पटावर बसून हसले. सावकाश, एकेक करून त्यांनी दोन्ही मोहरे उभे केले.

डाव लांबला. अब्बांचं प्यादं घोड्याच्या घरात पोचलं आणि त्यांनी तिथे घोडा ठेवला. "आता याला लगेच एक उडी फुकट," ते म्हणाले.

"आमच्या आजोबांच्या कसबा पेठेत उडी नसायची."

"नाना पेठेत असते."

आगट्यांनी पटाकडे पाहिलं. त्या उडीत त्यांचा वजीर जात होता. अर्धा डाव मोजणं ज्या माणसाला अन्याय वाटायचा, तो म्हणाला, "बसलोय नाना पेठेत. मग इथलाच नियम."

अब्बांनी वजीर मारला, मारताना आणखी एक प्यादं पाडलं, आणि न सांगता उचललं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परवीन जिना चढून आली. चप्पल काढायच्या आत अब्बांनी विचारलं, "आगटे परत कधी येणार?"