पहिल्या नजरेचं मागणं

बासोने कागद माझ्या मागावर ठेवला. अर्धवट विणलेल्या रेशमी सारोंगवर, थेट ताण्यावर! चाळीस वर्षांत माझ्या मागावर कोणाची चहाचा पेला ठेवायची हिंमत झाली नव्हती, आणि माझ्या पोटच्या पोराने सरकारी फॉर्म ठेवला.

"इंदो, इथे सही कर," तो म्हणाला. आमच्यात आईला इंदो म्हणतात. "तपासणीत डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटलं तर तुझा नंबर वाया जाईल. त्याआधी माझ्या नावावर कर. निदान आईच्या जागी मुलगा तरी हजला जाईल."

"आई मेली का?" मी विचारलं.

"तसं नाही गं..."

"मग कागद उचल. धागे दुखावतायत."

आमच्या सेंगकांग गावात हजसाठी नाव घालायचं आणि वाट बघत बसायचं. मी आणि माझा नवरा ला उपे, आम्ही तेवीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी नाव घातलं. अकराव्या वर्षी तो गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा नंबरही गेला. माझा यंदा लागला. बासो चव्वेचाळीसचा आहे. त्याने आज नाव घातलं तर लागेपर्यंत माझ्यापेक्षा म्हातारा होईल. म्हणून त्याचा जीव माझ्या नंबरात अडकलाय, हे मला कळतं. पण कळलं म्हणून मी देणार नव्हते.

त्याचं म्हणणं, मी हरवते. रोज्यांच्या महिन्यात बाजारात दोन तास हरवले होते ना! अहो, बाजार नव्या इमारतीत हलवला, मी नाही हलले. चाळीस वर्षं मासळीवाली जिथे बसायची तिथे मोबाइलची दुकानं आली, तर माणसाने काय करायचं? तरी खोटं कशाला बोलू. मी विसरते. कधी चुलीवरचा भात विसरते, कधी शेजारणीचं नाव जिभेवर येत नाही. याची मला भीती वाटते, आणि भीती वाटली की मला राग येतो.

म्हणून तालुक्याच्या सभागृहात हजची तालीम सुरू झाली तेव्हा मी पहिल्या रांगेत बसले. पूर्वी मैदानात प्लायवुडचा काबा उभारायचे आणि सगळे म्हातारे उन्हात त्याच्याभोवती फिरायचे. यंदा टेबलावर डोळ्यांवर घालायचे दहा चष्मे होते. शिकवणारी मुनिरा त्यांना व्हीआर म्हणायची, मी डबा म्हणायचे. डोळ्यांवर चढवला की सभागृह गायब. मान वळवाल तिकडे दुसराच मुलुख.

पहिल्या दिवशी नुसता धुमाकूळ झाला. एका आजोबांनी डबा घालण्याआधी चपला काढल्या, पाय धुवायला पाणी मागितलं. दुसऱ्याने सैतानाला खडे मारताना हात इतका जोरात फिरवला की शेजारच्याच्या कानाखाली बसली. मी हसले, पण मला ते यंत्र आवडलं. सरकत्या जिन्यावर मी आयुष्यात पाय ठेवला नव्हता. डब्यात आठ वेळा ठेवला, सात वेळा किंचाळले, आठव्या वेळी गपचूप वर गेले. विमानातला संडास, पट्टा, विमानतळावरची रांग, आमच्या बसचा रंग, सगळं बसल्या खुर्चीत. चुकलं की मुनिरा म्हणायची, "काही नाही नेने, परत सुरू करू." नेने म्हणजे आजी. आपल्याला इतक्या वेळा चुकू देणारं माणूस मी तरी पाहिलं नाही. घरचे तर दुसऱ्यांदाच डोळे वटारतात.

सगळ्यात भीती मिनाची. मक्केजवळचं ते तंबूंचं रान. लाखभर तंबू, सगळे पांढरे, सगळे सारखे. म्हातारी माणसं हरवतात ती तिथेच. पहिल्या दिवशी मीही हरवले, घाबरून डबा काढून फेकणार होते. मग मुनिराने डब्यातून मला वर नेलं, पक्षी बघतो तसं खाली दिसलं, आणि मी म्हणाले, "अगं, ही तर माझी चौकडी!" पांढरे अकरा तंबू, मग रस्त्याचा रुंद पट्टा, परत अकरा, मग पाण्याची निळी टाकी. आमच्या सारोंगची वीण. ती मी डोळे मिटून विणते. त्यानंतर मी तंबू चुकले नाही.

शेवटच्या दिवशी डॉक्टर रेत्नो आल्या. जावाहून बदली होऊन आलेल्या, तरुण, सावकाश बोलणाऱ्या, बाईमाणसाला मानाने इबू म्हणणाऱ्या. जायच्या परवानगीची सही त्यांची. बासो फॉर्म घेऊन माझ्या शेजारी बसला होता.

डॉक्टरांनी यंत्राचा अहवाल वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "इबू, बाकी सगळं चांगलंय. पण काब्याच्या अंगणात आल्यावर तुम्ही थांबता. तीन दिवस, तीन वेळा. चार-चार मिनिटं जागच्या जागी. एक पाऊलही पुढे नाही. तिथे तुम्हाला काय होतं? गोंधळायला होतं का?"

"बघ," बासो हळूच म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

खरं कारण मला सगळ्या सभागृहासमोर सांगायचं नव्हतं. पण डॉक्टरांनी पेन उचललं, कोणत्या रकान्याकडे ते वळतंय हे मला दिसलं, आणि माझं डोकं फिरलं.

"गोंधळ तुमच्या यंत्राचा झालाय," मी म्हणाले. "पाय थांबले ते त्याला कळलं, डोळे मिटले ते नाही कळलं."

"डोळे मिटले? का?"

"का म्हणजे! काब्यावर पहिली नजर पडते तेव्हा जे मागाल ते मिळतं, असं माझी आई सांगायची. पहिली नजर एकच असते. नवरा मरताना माझं नाव घेऊन म्हणाला, तुंके, तुला दिसेल तेव्हा वाया घालवू नकोस. आणि मी ती या डब्यात खर्च करू? खुर्चीत बसून? तेवीस वर्षं काय चित्र बघायला थांबले?"

मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने "अरे देवा, मी तर बघितला," म्हणून कपाळाला हात लावला.

मुनिरा तिला समजावत राहिली, की अगं ते चित्रच, चित्राने काही खर्च होत नाही. मला कोणी समजावायला आलं नाही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ठीक आहे, इबू. काबा राहू दे. मिनामध्ये दाखवा. खडे मारायच्या जागेपासून तुमच्या तंबूपर्यंत."

"दाखवते," मी म्हणाले. "पण यालाही डबा घाला. माझ्या जागी हा जाणार ना? मग बघू दे, याला तरी घर सापडतं का."

"इंदो, मला कशाला..."

"घाल!"

घातला. मुनिराने आम्हाला एकाच मिनात सोडलं, भिंतीवरच्या पडद्यावर दोघांचं दिसत होतं. मी निघाले. अकरा, पट्टा, अकरा, टाकी, डावीकडे. डब्यातली गर्दी अंगावर येत होती, मी मोजत होते. तंबूच्या दारात उभी राहिले तेव्हा मुनिराने टाळी वाजवली, आणि मी डबा कपाळावर सरकवून पडद्याकडे बघितलं.

बासो अजून फिरत होता. ट्रक चालवणारा माणूस, माकासारपर्यंत डोळे झाकून जातो म्हणतो. त्याने आधी पाट्या वाचायचा प्रयत्न केला, मग एका तंबूत शिरला, मग दुसऱ्यात, मग गोल फिरून पुन्हा पहिल्यात. खुर्चीतल्या खुर्चीत त्याला घाम फुटला. लोक हसत होते. ते हसणं मला आवडलं नाही, पण मी थांबवलंही नाही.

आणि मग तो ओरडला, "इंदो! तू कुठेयस?"

चौथीत असताना जत्रेत हरवला होता तेव्हा अगदी याच आवाजात ओरडला होता.

"ओरडू नकोस," मी डबा परत डोळ्यांवर ओढत म्हणाले. "उभा राहा. निळी टाकी दिसते?"

"नाही."

"मान वर कर. खाली बघून चालतोस म्हणून हरवतोस. आता?"

"दिसली."

"तिच्याकडे तोंड कर. उजवीकडचे तंबू मोज. अकरा झाले की मोठा रस्ता येईल. मोठ्याने मोज, मला ऐकू दे."

त्याने मोजले. एक, दोन, तीन. सगळं सभागृह त्याच्याबरोबर मोजायला लागलं. अकराव्याला मी डब्यातला माझा हात वर केला, तो त्याला दिसला, आणि तो येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

डबा काढला तेव्हा डॉक्टरांनी सही केलेली होती. बासोने हातातला फॉर्म घडी करून खिशात घातला, मग बाहेर काढला आणि फाडला.

लोक पांगले. मुनिरा चष्मे पुसून ठेवत होती. बासो तिच्याजवळ गेला, घुटमळला. "तो... काब्याचा भाग मला दाखवशील?"

"चालेल का, नेने?" तिने मला विचारलं.

"त्याला विचार. त्याच्या नजरेचा मालक तो."

"माझी पाळी कुठे येणारेय," तो म्हणाला आणि डबा डोळ्यांवर चढवायला लागला.

मी त्याचा हात धरला. धडधाकट माणसाचा हात, माझ्याने कसला थांबतोय! पण थांबला.

"उद्या सकाळी कचेरीत जाऊन नाव घाल," मी म्हणाले. "आणि हे खाली ठेव."

"इंदो, पस्तीस वर्षं लागतील. तोवर कोण राहतंय?"

"ते मी बघते."

"तू काय बघणार?"

"मी तिथे पोचल्यावर डोळे उघडणार आहे," मी म्हणाले. "एकदाच. काय मागायचं ते मघाशीच ठरलं, तू हरवलास तेव्हा."